आखाला बांधलेला दोर

माझ्या टेबलाच्या खणात एक तुटका हुक आहे. वजनाला पाऊण किलो असेल, आकाराने वळवलेल्या बोटासारखा. बाहेरून त्याचं वेल्डिंग देखणं दिसतं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसलेलं. उलटा करून बुडाकडे बघितलं की खरं काय ते कळतं. जिथे लोखंडात लोखंड मिसळून एकजीव व्हायला हवं होतं, तिथे जळक्या रंगाची काळी रेघ आहे आणि तिच्या आतल्या अंगाला हळदीसारखा पिवळा प्रायमर जसाच्या तसा. ज्याने कुणी हा हुक गाडीला लावला, त्याने रंग न खरवडता वरूनच रॉड फिरवला होता.

तीन वर्षांपूर्वी आषाढात माझी पिकअप गगनबावड्याच्या वाटेवर एका शेताच्या कडेला रुतली. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस याच तालुक्यात पडतो. तिथल्या तांबड्या मातीचा जुलैत असा रेंदा होतो की चारही चाकं ओढणारी गाडीसुद्धा एकदा पोटावर बसली की हतबल होते. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. शेजारच्या शेतातला एक मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. वायर रोप त्याचाच होता. पहिल्यांदा त्याने सावकाश ओढून बघितलं. काही झालं नाही. मग ट्रॅक्टर हातभर मागे घेतला, दोर सैल सोडला आणि एकदम पुढे काढला.

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. हुक दोरासकट उलटा गेला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डवर आदळला. जाड पत्र्याला मुठीएवढा खड्डा पडला. त्या मुलाच्या मांडीपासून तो खड्डा वीतभर अंतरावर होता. बांधावर त्याची आई छत्री घेऊन उभी होती. ती खाली आली, मडगार्डवरून एकदा हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, "चल घरी."

मी एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात काम करतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या हेच माझं काम. रोज शेकडो नग माझ्या हाताखालून जातात. ती पिकअप जुनी घेतलेली, हुक आधीच्या मालकाने कुठून तरी बसवून घेतलेला. पण वर्षभर गाडी माझ्या दारात उभी होती आणि मी एकदाही वाकून त्या हुकाचं बूड बघितलं नव्हतं. ती रात्र मला झोप लागली नाही. दोष कुणाचा हे ठरवण्यात मला रस नव्हता. मला एवढंच कळत होतं की पुढच्या वेळी दोर जिथे बांधला जाईल, ती जागा मी स्वतः बनवून घेतलेली असेल.

माझ्या आजोबांची बैलगाडी होती. चिखलात गाडी रुतली की आजोबा दुसरी बैलजोडी मागवायचे आणि दोर बांधायला स्वतः खाली उतरायचे. गडी घाईने साटीच्या पुढच्या लाकडाला दोर गुंडाळायला गेला की ते थांबवायचे. "साटीला नगं, आखाला बांध." साटी म्हणजे गाडीवरचा सगळा सांगाडा, माल तिच्यावर असतो म्हणून ती मजबूत वाटते. पण चिखलाने धरलेली असतात चाकं, आणि चाकं असतात आखाला. दोर साटीला बांधला तर साटी निघून येते आणि चाकं चिखलातच राहतात. लहानपणी मला ही केवळ म्हाताऱ्या माणसाची शिस्त वाटायची. चाळीशी उलटल्यावर आणि कागदावर बलाचे बाण काढायला शिकल्यावर कळलं, की आजोबांनी ओढीची वाट ओळखली होती. ओढ कुठून निघते, कुठून कुठून जाते आणि कुठे जाऊन थांबते. त्या वाटेवरचा एक जरी सांधा कच्चा असेल, तर बाकीचं कितीही जाड लोखंड वाया.

आजच्या पिकअपमध्ये आख म्हणजे चासी. दोर, दोरातून शॅकल म्हणजे पिनेने बंद होणारी लोखंडी कडी, शॅकलमधून भोक पाडलेला लोखंडी कान, कानातून प्लेट, प्लेटीतून बोल्ट, बोल्टमधून चासी. बंपर या वाटेवर कुठेच नाही. कंपनीतून येतात ती बरीचशी पातळ कडी गाडी ट्रकवर चढवल्यावर बांधून ठेवायला असतात, ओढायला नसतात. ट्रेलर जोडायचा गोळा असतो, त्यात तर दोर अडकवूच नये. तो मोडला की तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि अशाने जगभरात माणसं मेली आहेत. ऑस्ट्रेलियात रुतलेली गाडी ओढायच्या ताणाच्या पट्ट्यांवर धोक्याच्या सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

आधी मी हिशेब मांडला. सगळ्यांचा समज असतो की गाडी अडीच टनाची, म्हणजे तीन टन झेलणारा हुक पुरे. पण रुतलेली गाडी झटका देऊन काढतात, आणि झटक्याचं गणित वजनावर चालत नाही. ओढणारी गाडी २४०० किलोची आणि ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली असं धरा. तिच्यात तेव्हा सव्वानऊ हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ती सगळी दोराला पचवावी लागते. नायलॉनचा लवचीक दोर दीड मीटर ताणला जात असेल, तर दोराच्या टोकाला सर्वात जास्त ओढ येते सुमारे सव्वा टन. त्याच जागी वायर रोप असेल आणि तो जेमतेम १५ सेंटीमीटर ताणला गेला, तर तीच ओढ होते साडेबारा टन. वेग तोच, गाडी तीच. दोर बदलला आणि ओढ दहापट झाली. त्या दिवशी ट्रॅक्टरने हातभर ढील देऊन जो झटका दिला, त्यात माझ्या त्या हुकावर किती टन आले असतील याचा विचार मी आजही करतो.

म्हणून पहिला निर्णय लोखंडाचा नव्हता, दोराचा होता. वायर रोपने झटका द्यायचा नाही, कधीच नाही. त्यानंतर लोखंड.

शॅकल घेतलं पाऊण इंची, धनुष्याच्या आकाराचं. त्याच्या अंगावर चार पूर्णांक तीन चतुर्थांश टन असं कोरलेलं असतं. ते रोज निर्धास्तपणे पेलायचं वजन. चांगल्या मेकचं शॅकल तुटायला त्याच्या पाच-सहापट बळ लागतं. ज्याच्या अंगावर आकडाच नाही, असं चकचकीत शॅकल बाजारात निम्म्या किमतीला मिळतं. ते मी हातात घेऊन खाली ठेवलं. या शॅकलची पिन २२ मिलिमीटर जाड, तोंड ३२ मिलिमीटर रुंद. म्हणून कान २५ मिलिमीटर जाडीच्या प्लेटीचा, भोक २५ मिलिमीटरचं. कान पातळ ठेवला तर शॅकल त्याच्यावर तिरकं होऊन बसतं आणि ओढ एकाच कडेवर येते.

कागदावर पहिला आराखडा काढला तेव्हा मी खूश होतो. साधं माइल्ड स्टील, आयएस २०६२ या भारतीय मानकाचं. भोकाच्या मध्यापासून कानाच्या टोकापर्यंत ४० मिलिमीटर. सरळ ओढीत भोकापुढचं लोखंड फाटून यायला सुमारे १९ टन लागतात असा हिशेब आला. साडेबारा टनाचा वाईटातला वाईट झटकासुद्धा त्याच्या आत बसत होता. कागद घडी करून खिशात घातला आणि जेवायला बसलो. जेवताना लक्षात आलं की रुतलेली गाडी सरळ कधीच ओढली जात नाही. वाट वाकडी असते, ट्रॅक्टरला उभं राहायला जागा भलतीकडेच असते, दोर तिरका लागतो. तसाच उठलो आणि बाजूच्या ओढीचा हिशेब केला. भोक प्लेटीपासून ६० मिलिमीटर पुढे, मुळाशी कानाची रुंदी ८०. बाजूने ओढलं तर तो कान साडेतीन टनाच्या आतच वाकायला लागत होता.

सरळ १९ आणि आडवा साडेतीन. हे दोन आकडे शेजारी लिहून मी बराच वेळ बघत बसलो. जाडजूड दिसणाऱ्या गोष्टींवर आपला किती आंधळा विश्वास असतो! लोखंड आपल्याला जाडीने धीर देतं, पण ओढ कुठून येणार आहे हे ते विचारत नाही. ते विचारणं बनवणाऱ्याचं काम.

मग कान बुटका केला. ६० चं अंतर ४० वर आणलं, मुळाची रुंदी ८० ऐवजी ११०. तेवढ्यानेच साडेतीनचे सात टन झाले. शिवाय दोन्ही गालांना मुळाशी बुटक्या पट्ट्या, शॅकलला घासणार नाहीत इतक्याच उंचीच्या. शॅकललाही आडवी ओढ सोसत नाही. काटकोनात ओढलं तर त्याची ताकद निम्म्यावर येते. म्हणजे आता शॅकलची नेमून दिलेली मर्यादा कानाच्या आधी येत होती, आणि मला तेच हवं होतं. बदलायची वेळ आली तर शॅकल बदलता येतं, चासी नाही.

काम करून घेतलं उद्यमनगरात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्याने कधी काम करून घेतलंय त्याला तिथला आवाज सांगायला नको. एका गाळ्यात लेथ, शेजारी ग्राइंडर, पलीकडे कुणी घण घालतंय, आणि सगळ्यांच्या मधून चहाची किटली फिरतेय. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे मामा म्हणतात. साठीच्या पुढचे, डाव्या मनगटावर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग. मी खणातला हुक बरोबर नेला होता. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बुडाकडे बघितलं.

"ह्येला वेल्डिंग म्हणत न्हाईत, भाऊ. नुसतं चिकटवलंय."

मग माझा कागद बघितला. बराच वेळ. शेवटी बोट ठेवलं ते कान आणि प्लेट यांच्या सांध्यावर. "हा कान प्लेटीवर उभा करून वेल्ड मारायचा म्हंता?" मी होय म्हटलं. "नगं. प्लेटीला खाच पाडू, कान आरपार घालू, आणि दोन्ही अंगानं वेल्ड मारू. ओढ आली तर आधी कान खाचेत अडकंल, मग वेल्डवर येईल." माझ्या आकड्यांत हे नव्हतं. एका वाक्यात मामांनी माझा आराखडा माझ्यापेक्षा चांगला केला. त्या दुपारी त्यांच्याविषयी जो आदर वाटला, तो त्यानंतर वाढतच गेला.

भोक गॅसने पाडायचं नाही, यावर आमचं आधीपासून एकमत होतं. गॅस कटिंगची कड लाटेसारखी खाचाखाचांची येते, आणि तडा नेहमी खाचेतून सुरू होतो. आधी ८ चं ड्रिल, मग १६, मग २५. भोक झाल्यावर मामांनी अर्धगोल कानस घेतली आणि दोन्ही बाजूंची धार हाताने मारली. बोट फिरवायचे, पुन्हा कानस, पुन्हा बोट. मी पायावर पाय टाकून स्टुलावर बसलो होतो आणि मनात वारंवार एक पूल येत होता.

अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली बांधलेला सिल्व्हर ब्रिज. झुलता पूल, पण दोरखंडांऐवजी डोळ्यासारखी भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांची साखळी होती. पट्टीच्या टोकाला भोक, भोकात पिन, पिनेला पुढची पट्टी. हुबेहूब आपला कान आणि शॅकल. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, पूल वाहनांसकट नदीत कोसळला. ४६ माणसं गेली. तपासात निघालं की एका पट्टीच्या भोकाच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा होता. सांध्याच्या आत असल्यामुळे तो सांधा खोलल्याशिवाय दिसणं शक्य नव्हतं. दर कडीत दोनच पट्ट्या होत्या. एक तुटल्यावर दुसरीने काही धरलं नाही. आमच्या क्षेत्रात हा पूल सगळ्यांना माहीत असतो. पण मामा कानसीने धार मारत होते तेव्हा मला पहिल्यांदाच असं वाटलं की त्या पट्टीच्या भोकावरही कुणाचं तरी बोट फिरलं असेल.

"झालं," मामा म्हणाले आणि माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं. लागली ती फक्त थंड, गुळगुळीत गोलाई.

खरा पेच वेल्डिंगच्या दिवशी आला. उद्यमनगरात, किंबहुना महाराष्ट्रातल्या कुठल्याही गाळ्यात, हाताशी असतो तो साठ-तेरा नंबरचा रॉड. चालवायला सोपा, दिसायला सुरेख, खिडकीची जाळी असो की शेडचा ट्रस, सगळीकडे तोच. जाड प्लेटीला आणि झटक्याच्या कामाला सत्तर-अठरा लागतो. त्यातला सत्तर म्हणजे दर चौरस इंचाला ७० हजार पौंड ताण सोसण्याची ताकद. पण त्याचं मोठेपण आकड्यापेक्षा स्वभावात आहे: त्याच्या आवरणात पाणी कमीत कमी असतं. रॉडच्या आवरणात ओल असली की ज्वाळेत तिचा हायड्रोजन होतो, तापलेल्या लोखंडात शिरतो, आणि लोखंड थंड झाल्यावर आतच कोंडला जातो. वेल्ड झाल्यावर सगळं ठीक दिसतं. तडा काही तासांनी येतो, कधी दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नसताना. प्लेट जितकी जाड तितकी ती उष्णता झटकन पिते, आणि धोका तितका जास्त.

आणि दिवस होते ऑगस्टचे. कोल्हापूरच्या हवेत तेव्हा पापडसुद्धा डब्यातून काढल्यावर मऊ पडतो. सत्तर-अठराचं पाकीट उघडं राहिलं की त्याचा सगळा गुण दोन-चार तासांत जातो. मी कारखान्यातून रॉड भाजायच्या ओव्हनची सोय केली. पाकिटावर लिहिलं होतं त्याप्रमाणे ३०० अंशांच्या आसपास तासभर रॉड भाजले आणि गरम डब्यातून गाळ्यावर आणले. मामांनी डब्याला हात लावला आणि हसले. "भाकरीसारखं रॉड घिऊन आलायसा की."

पण मुख्य काम सुरू करण्याआधी मी एक मागणी केली आणि करताना मला संकोच वाटला. मी म्हटलं, आधी नमुना जोडू आणि मोडून बघू. दोन तुकडे काटकोनात उभे करायचे, एकाच बाजूने वेल्ड मारायचा, व्हाइसमध्ये पकडायचा आणि घणाने वेल्डच्या मुळावर उघडायचा. आत काय आहे ते मोडल्याशिवाय दिसत नाही. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याच्या हातावर शंका घेणं. मामा गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच तुकडे कापले, गुण्या लावून टाके मारले, वेल्ड केला, वरची जळकी मळी, म्हणजे स्लॅग, झाडला, आणि घण माझ्या हातात न देता स्वतः उचलला.

तिसऱ्या घावाला नमुना उघडला. मुळाशी, सगळ्या लांबीभर, केसाएवढी काळी रेघ होती. स्लॅग आत अडकला होता. मामांनी तो तुकडा दाराशी उजेडात नेला. ग्राइंडर बंद झाला. गाळ्यातली दोन पोरं बघत होती.

"बुडात उतरलं न्हाई," ते सावकाश म्हणाले. "अँपिअर कमी पडलं. आन् प्लेट गार हाय."

त्यांनी प्लेटीला आधी गॅसने शेक दिला. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडून जाईल इतका. करंट वाढवला, रॉडचा कोन बदलला. दुसरा नमुना मोडला, कडेला थोडी उणीव होती. तिसरा बरा निघाला. चौथ्याला मात्र घणाचे घाव पडत राहिले आणि वेल्ड उघडेना. शेवटी प्लेटच वाकली. मामांनी घण खाली टेकवला. घाम पुसला. पोरांकडे वळून म्हणाले, "बगिटलंसा? आता असंच मारायचं." आणि तो चौथा तुकडा त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला. तो आजही तिथे आहे.

चासीला मात्र आम्ही वेल्ड केलं नाही. माझ्या गाडीच्या चासीचा पत्रा साडेतीन मिलिमीटरचा, आतून पोकळ. त्याला उभा वेल्ड मारला की शेजारचा पत्रा कमजोर होतो आणि नेमका तिथेच तुटतो. म्हणून बोल्ट. १० मिलिमीटरची लांब प्लेट चासीच्या बाजूला, बंपरच्या कंसाची मूळची भोकं वापरून, वरच्या-खालच्या पाटाला हात न लावता. पोकळ चासीला नुसता बोल्ट आवळला तर पत्रा डब्यासारखा आत दबतो, म्हणून प्रत्येक बोल्टभोवती जाड नळीचा तुकडा आत घातला; आवळताना दाब नळीवर येतो, पत्र्यावर नाही. बोल्ट १२ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ कोरलेले. असा एक बोल्ट कातरून तोडायला सुमारे चार टन लागतात, आणि दर बाजूला असे चार. हार्डवेअरच्या दुकानात डोकं कोरं असलेले बोल्टही मिळतात. त्यांच्याबद्दल शॅकलबद्दल म्हटलं तेच.

एक गोष्ट आम्ही ठरवून केली नाही. पुढे मोठा लोखंडी गार्ड बसवून त्यातच कान काढा, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलं, त्यामागे खरं कारण आहे. धडकेत गाडीने चेपून जो धक्का पचवायचा तो गार्ड तसाच आत पोचवतो, एअरबॅगच्या वेळेत गोंधळ होऊ शकतो, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला ते लोखंड लागतं. म्हणून कान बंपरच्या रेषेच्या आतच राहिले, बंपरमधल्या फटीतून शॅकल अडकवता येईल इतकेच. दिसायला काहीच नाही. गाडी बघणाऱ्याला कळतही नाही की आत काय आहे.

गौरी-गणपती झाल्यावर चाचणी घेतली. गाळ्यामागे शेडचे दोन काँक्रीटचे पाये आहेत. गाडी मधे उभी केली, मागची बाजू एका पायाला साखळीने बांधली, पुढच्या कानातून पाच टनी चेन पुली दुसऱ्या पायाला. मधे टांगलेला वजनकाटा. साखळीवर ओली पोती टाकली आणि सगळ्यांना भिंतीआड पाठवलं. कानाच्या मुळाशी बारीकशी हालचाल मोजणारा डायल गेज लावला होता. एक टन, दोन टन, अडीच. प्रत्येक टप्प्याला थांबून मी आरशातून काटा वाचत होतो. साडेचार टनावर दहा मिनिटं धरलं. काटा सोळा शतांश मिलिमीटर सरकला होता. मग मामांनी पुली सोडायला सुरुवात केली, एकेक कडी, आणि मी आरशात बघत होतो. काटा परत फिरला. दहा, सहा, तीन. शून्यावर येऊन टेकला. म्हणजे लोखंड ताणलं गेलं होतं पण कायमचं वाकलं नव्हतं. मी हात वर केला. भिंतीआडून पोरांनी शिट्ट्या मारल्या.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत त्या कानांनी बरंच काही ओढलं. दुधाचा टेम्पो, एक कार, एकदा तर ऊस भरलेल्या ट्रॉलीचं पुढचं चाक. दर वेळी आधी पाच मिनिटं फावड्याने चाकांपुढची माती काढायची, कारण खणलेल्या पाच मिनिटांनी ओढ बरीच कमी होते. मग दोराच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना मागे घालवायचं. लोकांना याचा राग येतो. मदतीला आलेल्या माणसांना लांब जा म्हणायचं कसं, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. आता मी सरळ सांगतो, आणि लहान मूल जवळ असेल तर ते जाईपर्यंत गिअर टाकत नाही. गेल्या वर्षी तो ट्रॅक्टरवाला मुलगा गगनबावड्याच्या बाजारात भेटला. मी त्याला गाडीखाली वाकून कान दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आईला सांगतो."

दर वर्षी मिरगाच्या आधी मी ते कान तपासतो. भोकाभोवतीचा रंग द्रावणाने काढायचा, ग्राइंडरने नाही; ग्राइंडरने लोखंड सारवलं जातं आणि तड्याचं तोंड बंद होतं. मग लाल रंगाचं पातळ द्रव फवारायचं. तडा असेल तर ते आत झिरपतं. दहा मिनिटांनी वरून पुसून कोरडं करायचं आणि पांढरी पावडर फवारायची. तड्यात राहिलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर उमटतो, कुंकवाच्या काडीने ओढल्यासारखा. काहीच नसेल तर पांढरं पांढरंच राहतं.

या वर्षी मुलगी बॅटरी धरायला आली. आठवीत आहे. गाडीखाली आम्ही दोघं पाठीवर आडवे, वर कानाची पांढरी पडलेली गोलाई, बाहेर पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागलेले. मी घड्याळ बघत होतो.

"बाबा, आलं का लाल?"

"अजून चार मिनिटं."

तिने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि उजेड भोकाच्या कडेवर आणखी जवळ नेला.